वाचनाचा अधिकार : मुका टॅग आणि खिशातला वाचक

साहित्यव्यवहारात 'वाचक' ही संज्ञा आपण इतक्या सहजतेने वापरतो, की तिच्यामागे काही अटी गृहीत धरलेल्या असतात हे बहुधा ध्यानात येत नाही. वाचकाला लिपी अवगत असावी लागते, संहिता त्याच्या हाती पडावी लागते आणि ती वाचण्याची त्याला मुभा असावी लागते. यांपैकी तिसरी अट सर्वांत कमी चर्चिली जाते. वस्तुतः इतिहासात सर्वाधिक संघर्ष झाला तो तिच्याभोवतीच. गीतेचा अर्थ देशी भाषेत आणणारी ज्ञानेश्वरी असो, की १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी काढलेली शाळा असो, दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : वाचण्याचा अधिकार कोणाला आणि तो कोणी ठरवायचा? मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. प्रस्तुत लेखात तो एका अपरिचित क्षेत्रात नेऊन पाहावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'वाचक' ही संज्ञा एका यंत्रालाही लागू झाली. रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तूची, जनावराची वा माणसाची ओळख पटवण्याच्या तंत्रात (ज्याला आर.एफ.आय.डी. या आद्याक्षरांनी ओळखले जाते) दोन पात्रे असतात. एक टॅग, म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी. आणि दुसरा रीडर, म्हणजे ती चिठ्ठी वाचणारा. या तंत्राचा इतिहास सामान्यतः टॅगच्या बाजूने सांगितला जातो : तो लहान कसा झाला, स्वस्त कसा झाला, कोठे कोठे चिकटवला गेला. येथे तो वाचकाच्या बाजूने सांगण्याचा प्रयत्न आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे वाचक-यंत्र मोबाइल फोनमध्ये शिरले आणि टॅग वाचणारे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम, निदान तत्त्वतः, कोणालाही खुले झाले. 'तत्त्वतः' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वाचण्याचे साधन हाती येणे आणि वाचण्याची मुभा मिळणे यांत किती अंतर असू शकते, हेच या इतिहासातून दिसते.

१. वाचकाच्या ऊर्जेवर बोलणारी संहिता

सर्वाधिक वापरात असलेल्या टॅगमध्ये बॅटरी नसते. असते ती एक चिमुकली चिप आणि तिला जोडलेले तारेचे वेटोळे. रीडर आपल्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. टॅग त्या क्षेत्रात आला की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. तिला स्वतःचा आवाज नाही. रीडरकडून घेतलेल्या ऊर्जेचा भार ती ठरावीक क्रमाने कमीअधिक करते, आणि आपल्याच क्षेत्रात उमटलेली ही किंचित थरथर रीडर ओळखतो. थोडक्यात, वाचकाने ऊर्जा दिली तरच ही संहिता बोलते. तो दूर झाला की पुन्हा मुकी होते.

अर्थात सर्व टॅग एका प्रकारचे नसतात. जनावरांच्या कातडीखाली बसवले जाणारे टॅग साधारण १३४ किलोहर्ट्झवर चालतात. ग्रंथालयातील पुस्तके, प्रवासाची कार्डे आणि पासपोर्ट यांतील टॅग १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि जवळूनच वाचता येतात. गोदामांतील खोक्यांवरचे टॅग त्याहून कितीतरी वरच्या वारंवारितेवर, काही मीटर अंतरावरून वाचले जातात. आपल्याकडे मोटारीच्या काचेवर चिकटवला जाणारा फास्टॅग या तिसऱ्या जातीचा. त्याची वारंवारिता ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील आहे, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. फोनमधील रीडर केवळ १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्यामुळे स्वतःच्याच गाडीवरचा फास्टॅग आपला फोन वाचू शकत नाही. नाक्यावरची कमान मात्र तो क्षणार्धात वाचते. वाचनाधिकाराची पहिली पातळी ही अशी निव्वळ भौतिक आहे.

२. राजदूताची भिंत आणि गोठा

या तंत्राचे मूळ ओळख पटवण्याच्या युद्धकालीन गरजेत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे कळण्यासाठी ब्रिटिशांनी आपल्या विमानांवर अशी यंत्रे बसवली, की रडारची लहर येताच ती ठरलेले उत्तर पाठवत. प्रश्न विचारणारी लहर आणि त्यावर उमटणारे उत्तर ही मूळ रचना तेथेच सिद्ध झाली.

दुसरा प्रसंग अधिक नाट्यपूर्ण आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे मॉस्कोतील राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकी राजमुद्रेची एक सुंदर कोरीव लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूताच्या निवासस्थानी, स्पासो हाऊसच्या भिंतीवर, सात वर्षे टांगलेली होती. तिच्या आत एक पोकळी, एक अतिशय पातळ पडदा आणि एक अँटेना होती. बॅटरी नव्हती, तारही नव्हती. इमारतीबाहेरून रेडिओ लहर सोडली की खोलीतील संभाषणाने थरथरणारा पडदा त्या लहरीचे परावर्तन बदलत असे, आणि बाहेरच्या माणसाला खोलीतले शब्द ऐकू येत. १९५२ मध्ये ही युक्ती उघडकीस आली. ती रचणारा लेव्ह तेरमेन हा स्पर्शाविना वाजणाऱ्या 'थेरेमिन' या वाद्याचा जनक. हे काम त्याने कैदी-शास्त्रज्ञ म्हणून केले होते. या यंत्रात ओळख-क्रमांक नसल्याने त्याला काटेकोर अर्थाने आर.एफ.आय.डी. म्हणता येणार नाही. परंतु वाचकाच्या ऊर्जेवर बोलणारी मुकी वस्तू हे तत्त्व त्यात पूर्णपणे आहे. त्याचबरोबर आणखी एक गोष्टही आहे : ज्याच्या भिंतीवर ती वस्तू टांगली होती, त्याला आपण 'वाचले' जात आहोत याची गंधवार्ताही नव्हती.

पुढचा प्रवास तुलनेने शांत आहे. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीद्वारे संदेशवहन या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आणि हे तत्त्व उघड शास्त्रीय चर्चेत आले. १९७३ मध्ये अमेरिकेत मारियो कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचे आणि चार्ल्स वॉल्टन यांना किल्लीविना दार उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट मिळाले. १९७५ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतील कोएल, डेप आणि फ्रेमन यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. ते तंत्र गुरांची ओळख आणि त्यांचे तापमान दुरून कळावे यासाठी वापरले गेले. अणुबाँबसाठी ख्यातनाम असलेली प्रयोगशाळा गोठ्याच्या सेवेला आली, ती अशी.

या सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान आहे. वाचक-यंत्र मोठे, महाग आणि एका जागी खिळलेले असे. त्याची मालकी सैन्याकडे, कारखान्याकडे वा सरकारी खात्याकडे असे. ज्याच्या अंगावर टॅग असे ते विमान, ती गाय किंवा तो कर्मचारी यांनी टॅग वाचण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वाचणारा आणि वाचला जाणारा यांच्या भूमिका कायमच्या ठरलेल्या होत्या.

३. सदरा आणि पुस्तक

१९९९ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत 'ऑटो-आय.डी. सेंटर' स्थापन झाले. केव्हिन ॲश्टन, संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक यांची तेथील कल्पना साधी पण दूरगामी होती : टॅगवर केवळ एक क्रमांक ठेवावा आणि त्या वस्तूविषयीची सर्व माहिती संगणकांच्या जाळ्यात ठेवावी. त्यामुळे चिप लहान आणि स्वस्त झाली. त्याचबरोबर, जो अर्थ पूर्वी वस्तूवर लिहिलेला असे तो वस्तूपासून दूर, कोणाच्या तरी मालकीच्या संगणकात गेला. टॅग वाचता येणे आणि त्याचा अर्थ कळणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. जून २००३ मध्ये वॉलमार्ट या कंपनीने आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर टॅग लावण्यास सांगितले, आणि हा विषय अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर गेला.

त्याच वर्षी बेनेटन या वस्त्रकंपनीच्या कपड्यांत टॅग शिवले जाणार अशी घोषणा झाली. विकत घेतलेला सदरा आपल्याविषयी कोणाशीही बोलू शकेल, या कल्पनेने ग्राहक-संघटना संतापल्या, बहिष्काराची हाक दिली गेली आणि कंपनीने काही आठवड्यांतच खुलासा करून माघार घेतली. पुढे २००४ मध्ये ठरलेल्या गोदामी टॅगच्या प्रमाणकात एक विलक्षण आज्ञा समाविष्ट आहे. योग्य परवलीचा शब्द देऊन ती आज्ञा दिली की टॅग कायमचा मुका होतो. अभियंते तिला टॅग 'मारणे' असेच म्हणतात. वस्तू ग्राहकाच्या हाती जाताना तिची वाचनीयता संपवण्याची सोय ठेवावी लागली, हे लोकक्षोभाच्या त्या काळात चुकणार नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे उदाहरण ग्रंथालयाचे आहे. पुस्तकांची देवघेव जलद व्हावी, चोरी टळावी आणि मांडणीची मोजदाद सोपी व्हावी म्हणून ग्रंथालयांनी हे टॅग उत्साहाने स्वीकारले. सिंगापूरने १९९८ पासूनच त्याचे प्रयोग सुरू केले होते. पुस्तक मारता येत नाही, कारण ते परत येऊन पुन्हा दुसऱ्या हाती जायचे असते. २००४ मध्ये बर्कली विद्यापीठातील डेव्हिड मोल्नर आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ग्रंथालयीन टॅगच्या गोपनीयतेवर एक निबंध सादर केला. टॅगवर पुस्तकाचे नाव नसून नुसता क्रमांक असतो, म्हणून भीती नाही, असा ग्रंथालयांचा युक्तिवाद होता. मोल्नर-वॅग्नर यांनी दाखवून दिले, की विशिष्ट पुस्तकाचा क्रमांक एखाद्याने आधी ग्रंथालयात जाऊन टिपून ठेवला, तर नंतर ते पुस्तक कोणाच्या पिशवीत आहे हे त्याला रीडरच्या टप्प्यात ओळखता येईल. ग्रंथालयाच्या नोंदवहीत डोकावण्याची गरजही पडणार नाही. २००१ नंतरच्या अमेरिकेत, ग्रंथालयांच्या नोंदी सरकारने मागवण्याविषयी वाद धुमसत असताना, या निष्कर्षाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. आपण काय वाचतो हे दुसऱ्याला न कळण्याचा हक्क हाही वाचनाधिकाराचाच भाग आहे, हे यातून प्रथमच इतक्या तांत्रिक भाषेत मांडले गेले.

त्या निबंधाच्या काळी रीडर बाळगणे ही अभ्यासकाची वा हेराची गोष्ट होती. पुस्तकांत वापरला जाणारा या जातीचा टॅग आज अनेक अँड्रॉइड फोन काही सेंटिमीटर अंतरावरून वाचू शकतात. अंतर इतके कमी असल्याने पाळत ठेवण्याचे ते सोयीचे साधन नाही, हे खरे. परंतु साधन दुर्मीळ आहे, हा युक्तिवाद मात्र आता उरलेला नाही.

४. वाचक खिशात येतो

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी २००२ मध्ये अगदी जवळच्या अंतरावरील संपर्काचे एक सामाईक तंत्र घडवण्याचे जाहीर केले. त्यालाच पुढे एन.एफ.सी. हे नाव रूढ झाले. २००४ मध्ये नोकियासह या कंपन्यांनी त्यासाठी एक मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी नोकियाने ५१४० या फोनसाठी रीडर बसवलेले वेगळे कवच बाजारात आणण्याचे ठरवले. त्याचे अपेक्षित वापरकर्ते होते रात्रपाळीचे पहारेकरी, मीटर वाचणारे आणि दुरुस्तीला जाणारे कामगार. पहारेकऱ्याने ठरलेल्या ठिकाणच्या टॅगला फोन लावायचा, म्हणजे तो तेथे गेल्याची नोंद कचेरीत व्हायची. मोबाइलवरील टॅग-वाचनाचे अगदी प्रारंभीचे प्रोग्रॅम असे हजेरीचे होते. वाचक-यंत्र कामगाराच्या हाती आले खरे, पण वाचनाचा लाभ मालकाला होता. हातात भिंग आले म्हणून ग्रंथ आपला होत नाही, तसेच काहीसे हे झाले.

२००६ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. जावा भाषेतून टॅग वाचण्यासाठीचे प्रमाणक पूर्णत्वास आले, आणि एन.एफ.सी. मंडळाने टॅगवरील मजकुराची सामाईक रचना प्रसिद्ध केली. एन्डेफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेला आपण या टॅगांची लिपी म्हणू शकतो. तीत प्रत्येक नोंदीच्या आरंभी ती कोणत्या प्रकारची आहे (पत्ता, मजकूर की अन्य काही) आणि किती लांबीची आहे हे सांगितलेले असते. मजकुराच्या नोंदीत भाषेचा संकेतही द्यावा लागतो, म्हणजे मराठी मजकूर 'मराठी' म्हणून नोंदवता येतो. मात्र जागेच्या बाबतीत ही लिपी सर्वांना समान वागवत नाही. प्रचलित संकेतपद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह यांना प्रत्येकी तीन. 'ज्ञानेश्वर' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणून तो ३० बाइट व्यापतो. तेच नाव रोमन लिपीत नेहमीच्या पद्धतीने लिहिले तर ११ बाइटांत मावते. एनटॅग २१३ या लोकप्रिय टॅगची वापरण्याजोगी जागा १४४ बाइट आहे. नोंदीच्या शीर्षभागाला लागणारे बाइट वगळले तर देवनागरीची चाळीस-पंचेचाळीस चिन्हे त्यात बसतात, एखादे छोटे वाक्य फार तर. मराठीत टॅग लिहू पाहणाऱ्याने येथेही मजकुराऐवजी संकेतस्थळाचा पत्ता लिहून मोकळे व्हावे, असेच ही रचना सुचवते. आणि मग अर्थ पुन्हा टॅगपासून दूर जातो.

खरा पालट अँड्रॉइडने घडवला. डिसेंबर २०१० मध्ये नेक्सस एस हा फोन एन.एफ.सी. रीडरसह आला आणि फेब्रुवारी २०११ मधील सुधारित आवृत्तीने टॅग वाचण्याबरोबर त्यांवर लिहिण्याचीही सोय सामान्य प्रोग्रॅमरला दिली. येथे वाचनाची प्रक्रिया कशी घडते हे पाहण्याजोगे आहे. टॅग जवळ आला की प्रथम तो वाचते ती फोनची कार्यप्रणाली, आपला प्रोग्रॅम नव्हे. ती टॅगची जात ओळखते, त्यावर एन्डेफ रचनेतील मजकूर आहे का ते पाहते आणि मग तो कोणाकडे सोपवायचा हे ठरवते. अमुक प्रकारचा मजकूर मला हवा, असे ज्या प्रोग्रॅमने आधी जाहीर केले असेल त्याला पहिली संधी मिळते. तसा कोणी नसेल तर त्या जातीचे टॅग हाताळणाऱ्याला, आणि तोही नसेल तर कोणताही टॅग चालेल असे म्हणणाऱ्याला. एकाहून अधिक दावेदार निघाले तर निर्णय फोनच्या धन्यावर सोडला जातो. पडद्यावर त्या क्षणी उघडा असलेला प्रोग्रॅम मात्र हा क्रम डावलून टॅग स्वतःकडे घेऊ शकतो. कोणती संहिता कोणत्या वाचकाकडे जाईल याचे हे लिखित नियम आहेत. ते उघड होते, कोणालाही वाचता येत होते, आणि म्हणूनच ग्रंथालयांपासून कलादालनांपर्यंत अनेकांना आपापले छोटे प्रोग्रॅम लिहिता आले.

तरीही हे खुलेपण सर्वत्र सारखे नव्हते. शहरी वाहतुकीच्या कार्डांत मायफेअर क्लासिक या जातीची चिप विपुल आढळते. ती वाचण्यासाठी फोनच्या आत विशिष्ट कंपनीचा रीडर असावा लागतो. २०१२ चा नेक्सस ४ हा फोन त्याच अँड्रॉइडवर चालत असूनही दुसऱ्या कंपनीच्या रीडरमुळे ही कार्डे वाचू शकत नव्हता. प्रोग्रॅम तोच, भाषा तीच. वाचन मात्र अशक्य.

५. गुपिताचे कुलूप

याच मायफेअर क्लासिकची कथा वाचनाधिकाराच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकते. १९९४ पासून वापरात आलेल्या या चिपचे संरक्षण 'क्रिप्टो-१' या गुप्त पद्धतीने होत असे. किल्ली ४८ बिटांची होती; पण खरा भरवसा किल्लीवर नव्हता, कुलपाची रचना कोणाला ठाऊक नाही यावर होता. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी चिपचे थर खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन ती रचना बव्हंशी उलगडल्याचे दाखवले. २००८ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी पद्धतीतील उणिवा सप्रमाण मांडल्या. चिप बनवणारी एन.एक्स.पी. कंपनी निबंधाचे प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि निबंध प्रकाशित झाला. संशोधनाच्या प्रसिद्धीमुळे हानी होत असेल तर तिचे मूळ सदोष चिपमध्ये आहे, प्रसिद्धीत नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

पाठ-चिकित्सेशी परिचित असलेल्यांना थरामागून थर उलगडून मूळ रचनेपर्यंत पोहोचण्याची ही रीत अनोळखी वाटणार नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की लंडन आणि नेदरलँड्समधील लाखो प्रवासी ही कार्डे खिशात बाळगत होते. आपल्या पैशांचे कुलूप किती कच्चे आहे हे जाणून घेण्याचा मार्ग त्यांना केवळ त्या अनाहूत वाचकांमुळे मिळाला. 'अनधिकृत वाचन' हा शब्दप्रयोग सरसकट निंदेसाठी वापरण्याआधी हा प्रसंग आठवावा.

६. पासपोर्ट आणि परवानगी

वाचनाधिकाराचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो पासपोर्टच्या बाबतीत. इलेक्ट्रॉनिक पासपोर्टच्या चिपमध्ये धारकाचा तपशील आणि चेहऱ्याचे छायाचित्र असते. पासपोर्ट खिशात असताना कोणी परस्पर वाचू नये यासाठी केलेली योजना मोठी सुबक आहे. चिप उघडण्याची किल्ली पासपोर्टच्याच छापील पानावरील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून तयार होते. म्हणून पासपोर्ट वाचणारा प्रोग्रॅम प्रथम कॅमेऱ्याने ते पान टिपतो, त्यावरून किल्ली बनवतो आणि मगच चिपशी बोलतो. चिप वाचण्यासाठी आधी पुस्तिका उघडून दाखवावी लागते. धारकाची संमती हीच किल्ली होते. बोटांचे ठसे असतील तर त्यांना याहून कडक कुलूप असते आणि त्याची किल्ली सरकारांनी अधिकृत केलेल्या यंत्रांनाच मिळते. शिवाय मजकुरावर देणाऱ्या देशाची अंकीय स्वाक्षरी असते, त्यामुळे मजकूर वाचता आला तरी तो अस्सल आहे का, हे स्वतंत्रपणे पडताळावे लागते.

भारतात असा पहिला पासपोर्ट जून २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देण्यात आला. सामान्य नागरिकांसाठी प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ पासून झाली आणि प्रारंभीच्या कार्यालयांत नागपूर आणि गोव्याचा समावेश होता. त्यामुळे ब्रिटनमध्ये घडलेला पुढील प्रसंग आपल्यालाही परका नाही.

युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने तेथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना वास्तव्याचा हक्क टिकवण्यासाठी अर्ज करावयास लावला. ही योजना ३० मार्च २०१९ रोजी पूर्णतः खुली झाली. ओळख पटवण्याची मुख्य वाट म्हणजे एक मोबाइल प्रोग्रॅम : तो पासपोर्टची चिप वाचे, अर्जदाराचा चेहरा टिपे आणि दोन्ही ताडून पाही. परंतु हा प्रोग्रॅम केवळ अँड्रॉइड फोनांवर चालत होता. ॲपलच्या आयफोनमध्ये २०१४ पासून एन.एफ.सी. होते, पण ते कंपनीच्या स्वतःच्या पैसे भरण्याच्या सेवेसाठी राखीव होते. २०१७ मध्ये ॲपलने बाहेरच्या प्रोग्रॅमरना टॅग वाचू दिले, तेही फक्त एन्डेफ रचनेतील साधा मजकूर. पासपोर्टची चिप या मर्यादेत बसत नव्हती. यंत्र सक्षम होते, पण परवानगी नव्हती.

परिणामी आयफोन बाळगणाऱ्या अर्जदारांना कोणाचा तरी अँड्रॉइड फोन मागून आणावा लागे, पासपोर्ट टपालाने पाठवून त्याविना दिवस काढावे लागत, किंवा चिप वाचून देणाऱ्या ठरावीक केंद्रांवर जावे लागे. ब्रिटनचे गृहमंत्री साजिद जाविद यांना हा विषय थेट ॲपलकडे न्यावा लागला. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये आयफोनच्या नव्या कार्यप्रणालीने टॅगवर लिहिण्याची आणि पासपोर्टसारख्या चिपांशी बोलण्याची मुभा दिली, आणि ऑक्टोबरमध्ये तो प्रोग्रॅम आयफोनवर आला. एका सार्वभौम देशाच्या नागरी योजनेची एक वाट दुसऱ्या देशातील कंपनीच्या प्रकाशन-वेळापत्रकावर सहा महिने अडून राहिली होती.

या अर्जदारांत गोमंतकीयही होते. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलामुळे मिळणारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन अनेक गोवेकर कुटुंबे स्विंडनसारख्या ब्रिटिश शहरांत स्थायिक झाली आहेत. वसाहतीचा इतिहास, युरोपीय संघाचा कायदा आणि फोनच्या आतील एका परवानगीचा अभाव हे तिन्ही एकाच पुस्तिकेत येऊन भेटले. मराठीत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, मजकूर वाचणे आणि संकटातून वाचणे. येथे त्या दोहोंतील अंतर फारच थोडे उरले होते.

ॲपलची बाजू सुरक्षिततेची होती आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. बेनेटनचा सदरा आणि ग्रंथालयातील पुस्तक यांनी बेलगाम वाचनाचे धोके दाखवलेच आहेत. आयफोनवर टॅग-वाचन सुरू होताना प्रणालीची स्वतःची खिडकी पडद्यावर येते आणि प्रोग्रॅमने वाचनाचे कारण सांगावे लागते, ही चांगलीच प्रथा आहे. प्रश्न वेगळा आहे : सुरक्षिततेसाठी घातलेली मर्यादा कोठे संपते आणि मक्तेदारीसाठी घातलेली कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी? पैसे भरण्याच्या संदर्भात युरोपीय आयोगाने या प्रश्नाची वर्षानुवर्षे चौकशी केली, आणि जुलै २०२४ मध्ये ॲपलने प्रतिस्पर्ध्यांना युरोपात एन.एफ.सी. खुले करण्याची दिलेली हमी कायद्याने बंधनकारक केली. चिप २०१४ ची, हमी २०२४ ची. दहा वर्षे दार होते, पण त्याची कडी आतून होती.

७. वाचकाचा इतिहास कोण लिहिणार?

राजदूताच्या भिंतीपासून आयफोनपर्यंतचा हा प्रवास सरळ मुक्तीचा नाही. वाचक-यंत्र संस्थेच्या हातून व्यक्तीच्या खिशात आले, ही मोठी गोष्ट आहे. आज एखादी विद्यार्थिनी साध्या फोनवर प्रोग्रॅम लिहून, हातातल्या कार्डात काय दडले आहे याचा काही अंशी तरी शोध घेऊ शकते. परंतु वारंवारिता, लिपी, किल्ली आणि कार्यप्रणालीची मुभा अशा चार उंबरठ्यांपैकी एकही तिच्या हाती नाही. आणि ज्या ठिकाणी तिला वाचता येत नाही त्या टोलनाक्यावर, प्रवेशद्वारात वा गोदामात तिला मात्र वाचले जाते.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष का द्यावे? मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपण खिळ्यांचा, कागदाचा, सेन्सॉरच्या कायद्याचा आणि ग्रंथालयाच्या वर्गणीचाही विचार करतो, कारण कोण वाचू शकले हे त्यांनी ठरवले. आजच्या वाचनाच्या इतिहासात प्रमाणकांचे मसुदे, प्रोग्रॅमरांसाठीची नियमावली आणि न्यायालयीन निवाडे हे त्याच दर्जाचे दस्तऐवज आहेत. ते रूक्ष आहेत, पण फर्मानेही रूक्षच असत. त्यांतूनच आपण एका काळाची समाजरचना वाचत आलो. अशा कोणत्याही टॅगला तीन प्रश्न विचारता येतील : त्यावर लिहिले कोणी, तो वाचण्याची मुभा कोणाला आहे, आणि ज्याच्याजवळ तो आहे त्याला आपण वाचले जात असल्याचे कळते का? स्पासो हाऊसच्या भिंतीवरील राजमुद्रेला हे प्रश्न सात वर्षे कोणी विचारले नव्हते.